पाकिटावरचे नाव आणि पाकिटातले पत्र

किनवट तालुका तेलंगणाच्या सीमेवर वसलेला आहे. येथील हजेरीपटावर मराठी, बंजारा, गोंडी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलांची नावे शेजारी शेजारी असतात. आता हीच माहिती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाते. त्या वाटेवर एखादा रकाना कसा गळतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

वेबवरील देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीने चालते. संदेशाच्या वरच्या भागात हेडर असतात, म्हणजे पाकिटावरचा मजकूर. आत मुख्य मजकूर, म्हणजे पत्र. प्रत्येक हेडरला नाव असते, मग अपूर्णविराम, मग मूल्य. नावात केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि हायफनसारखी १५ चिन्हे चालतात. रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षर चालत नाही. जून २०२२ च्या आरएफसी ९११० या दस्तऐवजातही हाच नियम आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे अन्यायाचा वास येणे साहजिक आहे. १९६३ च्या आस्की या अमेरिकन वर्णसंहितेत आपल्या लिपीला जागा नव्हती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तथापि नियमामागे सुरक्षेचेही कारण आहे. नाव आणि अपूर्णविराम यांच्यामध्ये जागा सुटली, तर वाटेतील दोन यंत्रे एकच संदेश निरनिराळ्या रीतीने वाचू शकतात आणि त्या फटीतून घुसखोरी होते. म्हणून सर्व्हरने असा संदेश ४०० या क्रमांकाने नाकारावा, असा दंडक आहे.

अपाची नायफाय हे माहिती वाहून नेणारे सॉफ्टवेअर मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत तयार झाले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला गुणधर्मांच्या चिठ्ठ्या असतात. निवडलेल्या चिठ्ठ्या हेडर म्हणून पुढे पाठविता येतात. गुणधर्माचे नाव मात्र मोकळे असते. समजा, तक्त्यातील ‘वसतिगृह क्रमांक’ हा मथळा तसाच गुणधर्म झाला, तर हेडर होताना तो अडणार. येथे दोन गोष्टी संभवतात: सगळी विनंतीच फसेल, किंवा तेवढाच हेडर गळून बाकीचे पुढे जाईल. दुसरी मला अधिक घातक वाटते. एनजिनएक्स हा सर्व्हर अवैध नावाचे हेडर मुळातच दुर्लक्षित करतो. पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय अवघड नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतील पिनकोड सुरू झाला, तेव्हा गावांची नावे कोणी बदलली नाहीत. वर्गवारीसाठी सहा अंक जोडले. तसेच येथे करावे. पाठविण्यापूर्वी गुणधर्माला ‘हॉस्टेल-नंबर’ असे रोमन अक्षरांतील नाव द्यावे आणि मुलाचे नाव, गाव, सर्व मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये पत्राच्या आत ठेवावा. अवैध अक्षरांच्या जागी आंधळेपणाने हायफन घालू नये. पूर्ण मराठी असलेले दोन समान लांबीचे मथळे त्यामुळे एकसारखे होतात आणि कोणते मूल्य कोणाचे, हे कळेनासे होते.

आणि एखादे नाव वगळलेच, तर ते कोणत्या नोंदीतील होते, हे लॉगमध्ये उतरले पाहिजे. हजेरीपटावरून मुलाचे नाव कमी करताना आपण शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहितोच.