बँडमध्ये वाढलेला रॅपर

कोलकात्यातलं गाणं पुष्कळदा घराघरांतून पुढे गेलं. जोडासांकोच्या ठाकुरांचं घर सर्वांना ठाऊक आहे. पण १९७० च्या दशकात गौतम चट्टोपाध्याय यांनी ‘मोहीनेर घोडागुली’ हा बँड उभा केला, तेव्हा त्यातही भाऊ आणि नातलगच जमले होते. अशा शहरातून संथानम श्रीनिवासन अय्यर नावाचा तमिळ मुलगा ‘ईपीआर’ या नावाने रॅपर म्हणून देशाला माहीत झाला. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांकडे पाहिलं तर त्याची तालीम झाली ती बँडमध्ये, आणि त्याच्या रॅपचा पोत त्यामुळेच वेगळा आहे असं मला वाटतं.

मुंबईत काय घडलं ते आठवा. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये इंटरनेटवरून मिळवलेल्या बीटवर शब्द रचले, आयपॅडवरच ‘आफत’चा व्हिडिओ केला आणि तो व्हायरल झाला. तिथे एक पोरगा आणि एक यंत्र एवढ्यावर भागलं. कोलकात्यात मात्र पार्क स्ट्रीटच्या पार्क हॉटेलातलं ‘समप्लेस एल्स’ १९९४ पासून बँडवाल्यांचा अड्डा होतं, आणि कॅक्टस, फॉसिल्ससारख्या बंगाली रॉक बँडना तरुणांची गर्दी होत होती. ईपीआर ज्या ‘अंडरग्राउंड ऑथॉरिटी’चा गायक होता, तो याच हवेतला रॅप-रॉक बँड. राजकीय-सामाजिक विषय, बरीचशी गाणी इंग्रजीत. २०१० च्या सुमारास ‘इंडियाज गॉट टॅलेंट’मुळे हा बँड बंगालबाहेर पोहोचला. २०१० मध्येच क्यू या दिग्दर्शकाचा, रॅपर होऊ पाहणाऱ्या बंगाली पोराचा कृष्णधवल सिनेमाही आला. (त्याचं नाव मराठीतही शिवीच आहे, म्हणून इथे देत नाही.)

गिटार आणि ड्रमच्या गदारोळात शब्द ऐकू जायचे तर जीभ नुसती वेगात चालून भागत नाही. छातीतून आवाज काढावा लागतो, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून ठेवावं लागतं आणि समोरच्या गर्दीवर नजर ठेवावी लागते. पुढची काही वर्षं मी झपाट्याने ओलांडतो, कारण या तालमीचं फळ दिसलं ते २०१९ मध्ये.

त्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’ हा सिनेमा आला आणि ऑगस्टमध्ये एमटीव्हीचा रॅप-स्पर्धेचा कार्यक्रम ‘हसल’ सुरू झाला. रफ्तार, राजा कुमारी आणि न्यूक्लिया परीक्षक होते. घरचा तमिळ, शहराने बंगाली आणि बँडमध्ये इंग्रजी गाणारा हा माणूस तिथे हिंदीत उभा राहिला. त्याने ‘एकला चलो रे’ हे नाव घेऊन शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर रॅप केलं. रवींद्रनाथांचं ते गीत १९०५ चं, वंगभंगाच्या चळवळीतलं. आपल्याकडे मार्च १९८६ मध्ये यवतमाळच्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी सहकुटुंब आत्महत्या केली, तेव्हापासून शेतकरी आत्महत्यांचा विषय आपल्या वर्तमानपत्रांतून हटलेला नाही. इतका की पुष्कळदा आपण पान उलटून पुढे जातो. हेच दुःख कोलकात्याच्या एका तमिळ पोराने टीव्हीच्या झगमगाटात मांडलं आणि ते लाखोंनी ऐकलं. ईपीआर अधूनमधून गाणं सोडून भाषणावर उतरतो, ही माझी तक्रार आहेच. या गाण्यात मात्र तसं होत नाही.

तो अंतिम टप्प्यापर्यंत टिकला. विजेतेपद एम-झी बेलाकडे गेलं. पण २०२२ मध्ये ‘हसल’चं दुसरं पर्व आलं, तेव्हा तो स्पर्धक नव्हता; डिनो जेम्स, डी एमसी आणि किंगबरोबर एका चमूचा प्रमुख होता. आणि त्याच्या पुढच्या पर्वात उतरलेल्या नव्या पोरांमध्ये अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे एमसी १०० आरबीएच, हाही होता.