टोमॅटो किती आणि पाणी किती?

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर टोमॅटोविषयी लिहावे काय, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी २०२३ सालचा जुलै महिना आठवून पाहावा. त्या महिन्यात किलोभर टोमॅटोचा भाव देशातील अनेक शहरांत शंभर रुपयांच्या पलीकडे गेला, काही ठिकाणी दोनशेच्या घरात पोहोचला. एका जगद्विख्यात उपाहारगृह-साखळीने उत्तर भारतातील आपल्या पदार्थांतून टोमॅटोची चकती काही काळ काढून टाकली. केंद्र सरकारला सहकारी संस्थांमार्फत टोमॅटो विकत घेऊन दिल्लीत आणि उत्तरेकडील इतर काही शहरांत गाड्यांवरून विकावे लागले. प्रथम ९० रुपये, मग ८०, आणि २० जुलैपासून ७० रुपये किलो या दराने ते विकले गेले. पुढे दोन महिने उलटतात न उलटतात तोच नाशिक जिल्ह्यात हाच टोमॅटो किलोमागे अवघ्या काही रुपयांवर आला, आणि ज्या शेतकऱ्यांचा जुलैत हेवा केला जात होता त्यांच्यातील अनेकांना तोडणीची मजुरीदेखील सुटेना.

ज्या पदार्थाचा भाव एका वर्षात असा पाताळातून आकाशात आणि आकाशातून पाताळात जातो, तो पदार्थ स्वस्ताईत टिकवून महागाईत वापरणे हा सरळ व्यवहार झाला. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत सिद्ध केली आणि १८१० साली तीवर पुस्तक लिहून सरकारकडून १२ हजार फ्रँकचे बक्षीस मिळविले. त्याच वर्षी इंग्लंडात कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे पेटंट नोंदले गेले. टोमॅटो हे या रीतीला विशेष मानवणारे फळ आहे. ते आंबट असल्यामुळे भाजीच्या मानाने कमी उष्णतेत सुरक्षित टिकते. इटलीतील सामान्य कुटुंब वर्षभर डब्यातील टोमॅटोवर स्वयंपाक करते आणि त्यात त्याला काही उणेपणा वाटत नाही. आमच्याकडे मात्र डबाबंद टोमॅटो म्हणजे एक तर श्रीमंती दुकानातील परदेशी चैन, नाही तर मुलांच्या डब्यातील गोड केचप. मधली जागा जवळजवळ रिकामी आहे.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघराचे टोमॅटोवाचून काही अडत नव्हते, हे खरे. आमटीला आमसूल होते, चिंच होती. वऱ्हाडात ज्याला भेदरे म्हणत ते हंगामात यायचे आणि हंगामाबरोबर जायचे. परंतु आज उसळ, रस्सा, सार, पावभाजी, राजमा यांपैकी काहीही करावयाचे तर दुपारी भाजीच्या पिशवीतून प्रथम टोमॅटोच बाहेर येतो. ठरीव पगारात किराण्याची रक्कम आधी बाजूला काढून ठेवणाऱ्या कुटुंबाला चार महिने टोमॅटो खाऊ नका असा उपदेश करणे सोपे आहे. त्या उपदेशाने भाजीवाल्याचे बिल मात्र कमी होत नाही. तेव्हा असे कुटुंब दुकानातील फळीपुढे उभे राहते आणि पाकिटांवर छापलेल्या किमती वाचू लागते. आमचे गाऱ्हाणे नेमके येथून सुरू होते.

त्या फळीवर चार प्रकारचा माल असतो. केचप हा टोमॅटोला पर्याय नव्हेच. त्यात साखर व व्हिनेगर असते, पुष्कळदा घट्टपणासाठी स्टार्च आणि गोंदही असतो, आणि रश्श्यात घातला तर रस्सा गोड होतो. दुसरी प्युरी. तिसरी पेस्ट, म्हणजे प्युरीच अधिक आटवलेली. चौथा अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचा परदेशी डबा. त्याच्या ४०० ग्रॅम वजनाखाली निथळलेले वजन २४० ग्रॅम असे बहुधा वेगळे छापलेले असते. आपण काय विकतो आहोत याचा निदान तेवढा हिशेब तो डबा देतो. (नेपल्सजवळच्या सान मार्झानो जातीच्या टोमॅटोला १९९६ पासून युरोपात नामसंरक्षण आहे. ते उत्तमच असतात. पण मसुराच्या आमटीसाठी ते आणणे म्हणजे पैठणी नेसून भांडी घासण्यासारखे आहे.)

आता प्युरी आणि पेस्ट यांचा हिशेब पाहू. ताज्या टोमॅटोत पाणी फार; घनांश सुमारे ४ ते ५ टक्के. म्हणजे किलोभर टोमॅटोत खरा ऐवज जास्तीत जास्त ५० ग्रॅम धरावा. आमच्याकडे १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशापासून प्रमाणे ठरविलेली आहेत, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली आलेल्या नियमांनी ती पुढे चालविली: प्युरीत किमान ९ टक्के घनांश हवा, पेस्टमध्ये किमान २५ टक्के. यावरून २०० ग्रॅम प्युरीत १८ ग्रॅम घनांश, म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम ताजे टोमॅटो. २०० ग्रॅम पेस्टमध्ये ५० ग्रॅम घनांश, म्हणजे पुरे किलोभर टोमॅटो.

समजा, प्युरीचे हे पाकीट ३० रुपयांस मिळाले. तर त्यातील टोमॅटो आपणास किलोला सुमारे ८३ रुपये दराने पडला. बाजारात ताजा टोमॅटो ३० रुपये असताना हे पाकीट घेणे ही उधळपट्टी. बाजारभाव १५० असताना तेच घेणे शहाणपणा. येथवर कोणाचीही फसगत नाही. पण शेजारीच २०० ग्रॅम पेस्ट ७५ रुपयांस असेल, तर तीतील टोमॅटो किलोला ७५ रुपयेच पडला. पेस्ट दिसावयास अडीचपट महाग आणि वस्तुतः प्युरीहून स्वस्त! ती घरी आणून पाणी घातले की प्युरीच होते, आणि पाणी घरच्या नळाला येते.

दुकानात उभ्या असलेल्या गृहिणीला हे कळावे कसे? वेष्टनावर आता एककाची विक्रीकिंमत, म्हणजे दर ग्रॅमचा भाव, छापण्याचे बंधन आहे. ग्राहकाच्या हितासाठी केलेला हा नियम स्तुत्य आहे, आणि साखर, तांदूळ, तेल यांच्या बाबतीत तो उपयोगीही पडतो. पण वरच्या उदाहरणात तो काय सांगतो? प्युरी ग्रॅमला १५ पैसे, पेस्ट ग्रॅमला ३७-३८ पैसे. काटकसरी ग्राहक कायद्यावर विश्वास ठेवून प्युरी उचलतो आणि अधिक पैसे देऊन कमी टोमॅटो घरी नेतो. ग्रॅम मोजले, ते ग्रॅम कशाचे, हे विचारावयाचे राहून गेले.

घटकांची यादी वाचा, असे कोणी सुचवील. ती अवश्य वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. ज्या प्युरीच्या यादीत पहिला शब्द ‘पाणी’ आणि दुसरा ‘टोमॅटो पेस्ट’ असेल ती टोमॅटो आटवून केलेली नसून पेस्ट पातळ करून केलेली असते. यात अधर्म काही नाही. काही पाकिटांवर पेस्टची टक्केवारीही दिलेली असते. पण ती पेस्ट मुळात किती दाट होती हे सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीतून काहीच निष्पन्न होत नाही. प्रत्यक्ष घनांश किती, हा एकच उपयोगी आकडा आम्ही पाहिलेल्या कोणत्याही देशी पाकिटावर नव्हता. एकाची प्युरी जेमतेम ९ टक्क्यांची आणि दुसऱ्याची १२ टक्क्यांची असली तरी दोन्हींचे नाव प्युरीच, चित्रातील टोमॅटोही सारखेच लालबुंद. प्रामाणिक उत्पादकाला आपला प्रामाणिकपणा दाखविण्यास जागाच नाही, ही यातील सर्वांत वाईट गोष्ट होय.

हे अशक्य आहे असेही नाही. इटलीत आटवलेल्या टोमॅटोच्या पायऱ्याच कायद्याने बांधलेल्या आहेत: साधा १८ टक्के, दुहेरी २८ टक्के, तिहेरी ३६ टक्के. तेथील कोणत्याही वाण्याकडे ‘दुहेरी’ मागितले की काय मिळणार हे मागणाराला माहीत असते. आमच्याकडे घनांशाचे प्रमाण कारखान्यात मोजले जातच असते. त्याशिवाय ९ आणि २५ टक्क्यांचा नियम पाळला जातो की नाही हे कळणार कसे? जो आकडा कारखान्याच्या नोंदवहीत आहे तो पाकिटावर आणावा, एवढीच मागणी आहे. अडचण आहे ती खात्यांची. वजन आणि किंमत यांचे नियम ग्राहक-व्यवहार खात्याकडे, आणि डब्यात काय आहे याचे नियम आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे. एक खाते ग्रॅम मोजते, दुसरे टोमॅटो मोजते, आणि या दोहोंची गाठ वेष्टनावर पडत नाही. या दोघांनी एकत्र बसून प्युरी, पेस्ट यांच्या वेष्टनावर ‘घनांश इतके टक्के’ आणि ‘इतक्या ग्रॅम ताज्या टोमॅटोपासून’ या दोन ओळी सक्तीच्या कराव्यात. विक्रीकिंमत छापण्यास जेवढी शाई लागते त्याहून अधिक लागणार नाही.

शेतकऱ्याचाही यात संबंध आहे. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत २० किलोच्या क्रेटने येणारा माल मुख्यतः ताजा खाण्यासाठी पिकविलेला असतो. दूरच्या प्रवासात टिकावा म्हणून जाड सालीचा. कारखान्याला हवा असतो भरपूर गर आणि अधिक घनांश असलेला टोमॅटो. १०० किलो रसातून २५ टक्क्यांची पेस्ट करावयाची तर रस ४ टक्क्यांचा असल्यास १६ किलो निघते, ५ टक्क्यांचा असल्यास २० किलो. अर्थात घनांश एका टक्क्याने वाढला की माल चतुर्थांशाने वाढतो. ग्राहक घनांश पाहून पैसे देऊ लागला, तर कारखानदारही घनांश पाहून शेतकऱ्यास भाव देऊ लागेल अशी आशा धरण्यास जागा आहे. कांदा, बटाटा आणि टोमॅटो यांच्यासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर झाली होती. पाच वर्षांनी आलेला २०२३ चा जुलै आणि त्यापाठोपाठचा सप्टेंबर या योजनेविषयी जे सांगून गेले त्यावर आमचे भाष्य नको.

राज्य सरकारनेही एक गोष्ट करण्याजोगी आहे. उत्तर प्रदेशात सरकारी सामुदायिक फळसंरक्षण केंद्रे आहेत. नागरिकांनी आपली फळे न्यावीत आणि अल्प शुल्कात ती टिकाऊ करून आणावीत, अशी तेथील पद्धत. मुंबई, पुणे, नागपूर येथील प्रत्येक मोठ्या मंडईशेजारी असे एकेक केंद्र असण्यास काय हरकत आहे?

तोवर घरची कढई आहेच. हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, टोमॅटोची आवक भरपूर असते. अशा वेळी १५ रुपये भावाने १० किलो, म्हणजे अर्धा क्रेट, पूर्ण पिकलेला व कडक गराचा टोमॅटो घ्यावा. उकळून, गाळून, निम्मा होईपर्यंत आटवला की साल-बिया वजा जाता चार किलोच्या आसपास प्युरी होते, आणि ती कायद्याच्या ९ टक्क्यांना उतरते. दीडशे रुपयांचा टोमॅटो व थोडा गॅस यांत वीस पाकिटांचा ऐवज झाला. तो लहान लहान डब्यांत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. बाटलीत भरून बाहेर ठेवावयाचा असेल तर लिटरमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस घातल्यावाचून आणि भरलेली बाटली उकळत्या पाण्यात ठेवल्यावाचून तसे करू नये. टोमॅटोचा आंबटपणा जातीजातीगणिक कमीअधिक असतो आणि त्यावर जीव टांगू नये. विकतचा डबा आणलाच तर फुगलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, आणि उघडल्यावर उरलेला टोमॅटो त्याच डब्यात न ठेवता काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात काढावा. हवा लागली की आंबट रस कथिलाला खाऊ लागतो.