मद्रासच्या मोबदल्यात मासळीचा किल्ला

१७४६ साली फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास जिंकलं आणि १७४८च्या तहात ते परत केलं, एवढं आपल्या पाठ्यपुस्तकांत असतं. बदल्यात त्यांना काय मिळालं, ते सहसा नसतं. मिळाला तो लुईसबर्ग, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला केप ब्रेटन बेटावरचा किल्ला. सेंट लॉरेन्स नदीकडे जाणाऱ्या वाटेवरची मोक्याची जागा हे त्याच्या महत्त्वाचं एक कारण. दुसरं आणि जुनं कारण म्हणजे कॉड मासा.

१७१३च्या उट्रेक्टच्या तहाने न्यूफाउंडलंड इंग्रजांकडे गेलं. तिथल्या प्लेझान्स बंदरातले फ्रेंच मच्छीमार आणि सैनिक केप ब्रेटनला हलवले गेले आणि त्यांनी लुईसबर्ग गाव वसवलं. कॅथलिक युरोपात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालायचा; असे दिवस वर्षाकाठी शंभराच्या वर. शिवाय खारवलेला कॉड महिनोन्महिने टिकायचा, म्हणून कॅरिबियन बेटांवर ऊसमळ्यांतल्या गुलामांचं पोटही त्याच्यावर भरलं जाई.

खरं काम किनाऱ्यावर चाले. छोट्या होड्या सकाळी गळ टाकून मासे आणत. फळकुटांच्या धक्क्यावर एकजण डोकं उडवी, दुसरा पाठीचा काटा काढी, तिसरा मीठ लावी. यकृतं पिंपात तेलासाठी. मग दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर किंवा लाकडी मांडवांवर वाळवण. वर्सोव्याच्या वलांडीवर बोंबील पाहिलेल्याला हे चित्र परकं वाटणार नाही, फक्त इथे उन्हापेक्षा धुकं जास्त. सुकत असलेला मासा पावसाच्या चाहुलीने उलटापालटा करायला माणसं लागायची. गावात पैसा या वासातून येई.

या धंद्याच्या रक्षणासाठी १७१९च्या सुमारास तटबंदी सुरू झाली. आधी व्हेरव्हील आणि मग व्हेरिये या अभियंत्यांनी फ्रान्समधल्या पद्धतीचे बुरूज उभारले. दमट हवेत चुना धड वाळेना, थंडीत गोठून फुटे. भिंती राखायला फळ्या ठोकाव्या लागल्या. यातलं बरंच बांधकामसाहित्य बोस्टनचे व्यापारी विकत. म्हणजे पुढे ज्यांच्याकडून धोका होता, तेच हा किल्ला बांधायला माल पुरवत होते आणि बंदराची खडानखडा माहिती घेऊन घरी जात होते.

१७४४ साली लुईसबर्गच्या फ्रेंचांनी कान्सो हे इंग्रज मासेमारी ठाणं जाळलं. तिथून पकडून आणलेले कैदी पुढे सुटून बोस्टनला गेले, ते लुईसबर्गच्या शिबंदीचे हाल सांगतच. त्याच डिसेंबरात खराब शिध्यावरून सैनिकांचं बंड झालं. पुढच्या वर्षी विल्यम पेपरेल नावाच्या व्यापाऱ्याने न्यू इंग्लंडमधून सुमारे चार हजार हौशी शिपाई आणले. किल्ल्याची बळकट बाजू समुद्राकडे होती; ते गाबारुस उपसागरात उतरून जमिनीकडून आले. दलदलीतून तोफा स्लेजवर ओढत नेल्या. बंदरावरची रॉयल बॅटरी फ्रेंचांनी तोफांत खिळे ठोकून आधीच सोडली होती. ते खिळे काढून त्या तोफा गावावरच रोखल्या गेल्या. तरी निर्णायक ठरला तो कमोडोर वॉरेनचा आरमारी वेढा. रसद न आल्याने जूनअखेर किल्ला पडला. त्यानंतरच्या हिवाळ्यात रोगराईने शेकडो विजेते तिथेच गेले. तहात तो किल्ला मद्रासच्या मोबदल्यात परत दिल्यावर न्यू इंग्लंडवाले संतापले नसते तरच नवल.

१७५८ला तीच कथा, फक्त मोठ्या प्रमाणावर. बॉस्कावेनचं आरमार, अॅम्हर्स्टचं सैन्य आणि जमिनीकडूनच वेढा. २६ जुलैला शरणागती. १७६०ला इंग्रजांनी सुरुंग लावून तट उडवले. मला वाटतं, दोन्ही वेळा गफलत तटाच्या जाडीची नव्हती. समुद्र ज्याच्या ताब्यात, मासळीही त्याच्या ताब्यात. बुरूज फार तर बंदर राखतो.

म्हणूनच १७६३च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने विस्तीर्ण कॅनडा सोडला, पण न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा मासेमारीचा हक्क सोडला नाही. तो १९०४पर्यंत चालला. जवळचीच सेंट पियेर आणि मिकेलॉन ही दोन चिमुकली बेटं फ्रान्सला मिळाली, होड्यांना आसरा म्हणून. तहात अट होती: तटबंदी करायची नाही, आणि बंदोबस्ताला माणसं पन्नासच ठेवायची. ती बेटं आजही फ्रान्सकडे आहेत.