वादळानंतर पक्षी जरूर पाहा, पण हात लावू नका

रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना मी नेहमी फिरायला जायला सांगतो. नुसते चालून कंटाळा येत असेल तर सोबत दुर्बीण घ्या, असेही सुचवतो. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर त्यासाठी फार चांगले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे अभयारण्य २०१९ साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे येतात. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी तर थव्यांनी दिसतात.

मात्र वादळी पावसानंतर तेथे जाताना थोडे भान ठेवावे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. दोन दिवसांनी मी पाण्याकाठी गेलो, तेव्हा आठ-दहा वर्षांचा एक मुलगा मान टाकलेला वारकरी छातीशी धरून उभा होता. “डॉक्टरकाका, याला औषध द्या ना,” म्हणाला. पक्षी केव्हाच गेला होता. मी तो खाली ठेवायला लावला, मुलाचे हात साबणाने धुऊन घेतले आणि वनरक्षकाला कळवले.

तो पक्षी बहुधा गारांच्या माराने मेला असेल. पण नुसत्या नजरेने मृत्यूचे कारण सांगता येत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू रानटी पाणपक्ष्यांत असू शकतो. पक्षी वरून निरोगी दिसला तरी त्याच्या लाळेतून, विष्ठेतून तो बाहेर पडतो. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत ही साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. माणसाला हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर ठरू शकतो. म्हणून घाबरू नये, पण काळजी घ्यावी.

मेलेला किंवा लुळा पक्षी उचलू नये, घरी नेऊ नये, खाऊ तर मुळीच नये. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. हात लागलाच तर साबणाने नीट धुवावेत, तोवर डोळ्या-नाकाला लावू नयेत. पुढच्या दहा दिवसांत ताप, खोकला, धाप असे काही झाल्यास डॉक्टरांना पक्ष्याला हात लागल्याचे आवर्जून सांगावे. औषध लवकर सुरू झाले तर गुण चांगला येतो.

आणखी दोन गोष्टी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो; तेव्हा वयस्करांनी अंधारात न निघता ऊन पडल्यावर, कान झाकून, नेहमीची गोळी न चुकवता जावे. मधुमेहींनी बंद बूट घालावेत, चिखलात अनवाणी उतरू नये. पायाची छोटी जखमही त्यांना महागात पडते.

मुलांना पक्ष्यांचा कळवळा असतो, तो असायलाच हवा. त्याला रागावू नका. फक्त जखमी पक्षी दिसला तर तो उचलण्याऐवजी मोठ्यांना हाक मारायची, एवढे त्यांना शिकवा.