कातळावरच्या वाट्या

आमच्या किन्हवलीकडचा एक विद्यार्थी मध्यंतरी विचारीत आला, "सर, माळावरच्या कातळात खळगे आहेत. आजी म्हणते, पांडवांनी केले. खरं काय?" मी जाऊन पाहिले. ते निघाले जुने उखळ! मुलगा हिरमुसला, पण प्रश्न लाखमोलाचा होता.

कातळातले खळगे अनेक प्रकारचे असतात. उन्हापावसाने झिजलेला खळगा वेडावाकडा असतो. सुरुंगाचे भोक अरुंद नि सरळ. उखळ मुसळाच्या घावांनी खोल आणि गुळगुळीत झालेले. याहून वेगळ्या त्या इतिहासपूर्व माणसाने दगडी गोट्याने ठोकून केलेल्या उथळ, गोल वाट्या. त्या बहुधा ओळीने किंवा पुंजक्याने असतात. उभ्या कातळावरही सापडतात; आणि उभ्या कातळावर काही कोणी धान्य कांडीत नाही!

नागपूरहून काटोलच्या वाटेवर जुनापाणी येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. तिथल्या काही दगडांवर अशा वाट्यांच्या रांगा आहेत. रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये त्यांविषयी लिहिले आणि युरोपातील तशाच खुणांशी त्यांची तुलना केली. मध्य प्रदेशात मंदसोर जिल्ह्यातील दरकी-चट्टान गुहेच्या भिंतींवर तर पाचशेहून अधिक वाट्या आहेत. त्या पुराणाश्मयुगातील असाव्यात, असे संशोधकांचे मत आहे. त्या कशासाठी केल्या? पूजा, मोजदाद, आकाशदर्शन असे तर्क झाले. निर्णय झालेला नाही.

म्हणूनच दगड जागेवर राहिला पाहिजे. वाटीचे तोंड कुठे, शेजारी काय पुरलेले, यातच उत्तर दडलेले असते. मुरबाडकडच्या नाणेघाटात सातवाहनांची अक्षरे आहेत, म्हणून त्याला मान आहे. वाटीला अक्षर नाही. तिची बाजू कोण मांडणार?

प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. पण घोषित स्मारकालाच त्याचे पूर्ण संरक्षण मिळते, आणि घोषित होण्याआधी ते कुणाच्या तरी दृष्टीस पडावे लागते. तेव्हा असा दगड दिसला, तर शेंदूर, चुना, खडू लावू नका, खरवडू नका. शेजारी नाणे ठेवून फोटो घ्या, गट नंबर टिपा आणि तहसीलदारांना व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.

उखळ निघाले, तर एक फेरी फुकट जाईल, एवढेच. पण खरी वाटी खडीच्या खाणीत गेली, तर ती पुन्हा ठोकणारा हात कुठून आणायचा?