तुसाची राख आणि घराचा स्लॅब

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या गिरणीमागे तुसाचे ढीग दिसतात. शंभर किलो धानातून सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले की चारेक किलो राख उरते. तिच्यात ८५ ते ९० टक्के सिलिका असते. सिमेंट पाण्याबरोबर आळताना चुना सुटतो. ही सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि काँक्रीट अधिक घट्ट होते. १९७० च्या दशकात प्रा. पी. कुमार मेहता यांनी यावर मोलाचे संशोधन केले. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानेही अधिकाऱ्याच्या मंजुरीने ही राख वापरण्यास मुभा दिली आहे.

पण आम्ही बजावून सांगतो, चुलीतली राख ती नव्हे! तूस सुमारे ७०० अंशांखाली, आच सांभाळून जाळावे लागते. राख बारीक दळावी लागते. तेव्हा कुठे ५० किलोच्या गोणीत ५ किलो सिमेंटऐवजी ती चालते. पाणी मात्र जास्त लागते. स्लॅबवर किमान १० दिवस पाणी मारावे.

राख कालवणाऱ्या मजूर बंधु-भगिनींनी नाकातोंडाला फडके बांधावे, शक्यतो चांगला मास्कच लावावा. ही धूळ फुप्फुसात बसते. पोटाला चिमटा घेऊन बांधलेल्या घरात, इंजिनिअरने तपासल्याशिवाय, कुणाच्या सांगण्यावरून राख घालू नये.