शेपूट आवरलेलं यंत्र

‘शहराच्या पोटात काम करणारी यंत्रं बघून या,’ एवढं सांगून संपादकांनी पिटाळलं, आणि पुण्याच्या पेठेतल्या एका गल्लीत मी एका मिनी पोकलेनपाशीच अडकलो. ड्रेनेजची जुनी लाइन उकरायचं काम होतं. गल्ली चारएक मीटरची, आणि यंत्र वाड्याच्या भिंतीला जवळजवळ खेटून उभं. ऑपरेटरने बकेट भरली, बूम मोकळ्या अंगाने फिरवलं आणि माती मागच्या टेम्पोत ओतली. तेवढ्यात यंत्राची पाठ भिंतीपासून चार बोटांवरून सरकत गेली. त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही.

साध्या पोकलेनवर बसलेल्याचं निम्मं लक्ष पाठीकडे असतं. वरचा भाग फिरला की मागचं काउंटरवेट चेनच्या बाहेर येतं. भिंत, विजेचा खांब, उभी गाडी, प्रसंगी माणूसही त्याच्या तडाख्यात सापडतो. गल्लीतलं यंत्र ‘झिरो टेल’, म्हणजे बिनशेपटीचं होतं. अशा यंत्राची पाठ गोलसर घडवलेली असते आणि फिरण्याच्या मध्यापासून चेनच्या बाहेरच्या कडेपलीकडे ती जात नाही. यंत्र दीड मीटर रुंद असेल, तर पाठ पाऊण मीटरच्या त्रिज्येतच फिरते.

जपानच्या यानमार कंपनीने १९९३ मध्ये ‘व्हिओ’ मालिका आणली. या जातीचं जगातलं पहिलं मिनी यंत्र ते आपलंच, असं कंपनी सांगते. जपानी कायद्याला घरापुढचा रस्ता साधारणपणे ४ मीटर तरी हवा असतो, आणि जुन्या वस्त्यांत तेवढाही मिळत नाही. तेव्हा हे तिथे सुचलं यात नवल नाही. कुबोटाची ‘यू’ मालिकाही अशीच बिनशेपटीची, पण त्याच कंपनीची शेपटीवाली ‘केएक्स’ मालिका काही बंद पडली नाही. ती का टिकली, याचं उत्तर काउंटरवेटमध्ये आहे.

कावडीची एक बाजू आखूड केली, तर त्या टोकाला जास्त वजन टांगावं लागतं. इथलं गणित तेच. मध्यापासून दीड मीटरवरचं १ टन वजन जेवढा तोल सांभाळतं, तेवढाच १ मीटरवरून सांभाळायला दीड टन लागतं. म्हणजे एक तर लोखंड वाढवा, नाहीतर उचलायची ताकद कमी झालेली चालवून घ्या. लोखंड वाढलं की वाहतुकीचं वजनही वाढतं. शिवाय इंजिन, रेडिएटर, हायड्रॉलिक पंप हे सगळं त्याच आखडलेल्या पाठीत कोंबायचं. केबिनही त्यातच आक्रसते. एखादा होज बदलायचा तर मेकॅनिकचा हात आत जाईना, म्हणून काही मॉडेलांत अख्खी केबिन पुढे कलवायची सोय दिलेली असते. ही सोय आहे की कबुली, असं मला वाटून गेलं.

खोदताना यातलं काही फारसं जाणवत नाही. जाणवतं ते पाइप उचलताना. सिमेंटचा पाइप पट्ट्यात अडकवून ऑपरेटरने बूम आडवं फिरवलं, तशी पलीकडची चेन जमिनीवरून किंचित सुटली. त्याने लगेच आर्म जवळ घेतला. कुठल्याही पोकलेनचा तोल आडव्या बाजूला कच्चा असतो, कारण चेनची लांबी तिथे कामी येत नाही. पाठ आखूड असली की हाताशी राखीव तोल आणखी कमी. उतारावर तर विचारूच नका. पुढचं ब्लेड जमिनीवर टेकवलं की थोडा आधार मिळतो, पण तो ब्लेडच्या दिशेनेच.

दुसरी गोष्ट नावातच लपते: शून्य फक्त मागे आहे. बूम पूर्ण उचलून घेतलं तरी पुढचा भाग चेनच्या बराच बाहेर फिरतो, आणि बूम एका अंगाला वळवलं की त्याचा बुंधाही कोपऱ्याबाहेर डोकावतो. पाठ बाहेर येत नाही हे एकदा कळलं, की हेल्पर यंत्राला खेटून उभे राहायला लागतात. मला खरी काळजी वाटते ती याची. कमी शेपटीचं यंत्र वापरा, असं ब्रिटनचं सुरक्षा खातंही सांगतं, पण त्याबरोबरच यंत्र आणि जवळचा अडथळा यांत अर्ध्या मीटरहून जास्त मोकळी जागा ठेवायला सांगतं. ती ठेवता येत नसेल, तर त्या फटीत माणूस जाता कामा नये. गल्लीतल्या त्या चार बोटांच्या फटीकडे बॅरिकेड नव्हतं.

गल्लीबोळात, किंवा चालू रस्त्याची एकच लेन अडवून काम करायचं असेल, तर हेच यंत्र घ्यावं. मोकळ्या रानात विहीर किंवा शेततळं खोदायचं असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि भाड्याने घेताना लोड चार्ट, म्हणजे कुठल्या दिशेला किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, मागून घ्या. पुढच्या दिशेचा मोठा आकडा सगळेच दाखवतात. आडव्या बाजूचा, ब्लेड वर असतानाचा आकडा विचारा.